‘आमुचं’ या शब्दाआडचे दुखणे

खंडाळा म्हटले की बहुतेकांना लोणावळ्याशेजारचा घाट, धुके आणि चिक्की आठवते. मी ज्या खंडाळ्यात गेली सव्वीस वर्षे दवाखाना चालवतो, ते गाव निराळे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली आणि शिरवळ मागे पडले, की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आमचे हे तालुक्याचे गाव लागते. तालुक्याच्या पूर्वेला लोणंद आणि त्यापुढे फलटण. उत्तरेला नीरेपलीकडे पुरंदर. आज ज्या पुस्तकाविषयी आपल्याशी बोलायचे आहे, त्याच्या लेखिकेचा जन्म पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा आणि संसार फलटणचा. म्हणजे आमचा तालुका तिच्या माहेर-सासरच्या वाटेवरचा.

हे पुस्तक म्हणजे बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. आरोग्यविषयक पाक्षिकात एका आत्मकथनाची आणि त्यावरील समीक्षेची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की माणूस आपले दुखणे कसे सांगतो आणि ऐकणारा ते कसे ऐकतो, या दोन गोष्टींवर माझा सारा व्यवसाय उभा आहे. या पुस्तकाच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न समीक्षकांपुढेही उभा राहिला होता.

आधी पुस्तकाची हकिकत. बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, महार समाजातला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि त्या फलटणला नांदू लागल्या. पतीबरोबर त्यांनी लहानसे किराणा दुकान चालवले. सामान बांधून देण्यासाठी आणलेल्या रद्दीचे कागद त्या दुकानात बसून वाचत आणि घरात कुणाला कळू न देता लिहीत. लिहिलेल्या वह्या त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवल्या. फलटणला राहून संशोधन आणि शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी त्या लेखनाचे मोल ओळखले आणि ते प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले. हे मासिकही आपल्याच भागातले. १९३० साली ते किर्लोस्करवाडीला सुरू झाले होते. १९८६ मध्ये पुस्तक निघाले. १९९१ मध्ये गी प्वातव्हँ यांनी ते फ्रेंचमध्ये नेले. हे तेच अभ्यासक, ज्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे मोठे काम केले. इंग्रजी वाचकांपर्यंत मात्र ते २००८ मध्ये, माया पंडित यांच्या अनुवादातून पोहोचले. बेबीताई २०१२ मध्ये गेल्या.

मी हे पुस्तक प्रथम वाचले ते वैद्यकीय शिक्षण घेत असताना, प्रसूतिकक्षातल्या रात्रपाळ्यांच्या दिवसांत. सामाजिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकात मातामृत्यूची कारणे क्रमवार दिलेली होती: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती, रक्तक्षय. परीक्षेपुरती ती पाठही होती. ‘जिणं आमुचं’मधील बाळंतपणाची पाने वाचली तेव्हा त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाला घर आणि माणसे मिळाली. अंगाने पुरती न वाढलेली पोर पहिलटकरीण म्हणून अडते. सुईणी आपल्या समजुतीप्रमाणे हात घालून पाहत राहतात. बाळंतीण सुटली तरी घरात तिच्या तोंडात घालायला काही नसते. नवरा चार घरी फिरून काही मिळते का ते पाहतो, आणि तोवर ती भुकेले पोट चिंधीने आवळून पडून राहते. डॉक्टर म्हणून वाचताना मला दिसत होते, की कोवळ्या वयाच्या कमरेच्या हाडातून मूल सहज उतरत नाही, न धुतलेल्या हातातून जंतू गर्भाशयात जातात आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडासा रक्तस्रावही पुरतो. लेखिकेने यातला एकही वैद्यकीय शब्द वापरलेला नाही. तरीही माझ्या वाचनात आलेल्या मातामृत्यूच्या वर्णनांत इतके अचूक वर्णन दुसरे नाही.

त्याच पुस्तकात सासर सोडून पळालेल्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडाचा जड ओंडका आहे. संशयावरून नाक कापलेल्या सुना आहेत. आषाढात बायकांच्या अंगात येणे आहे, आणि एरवी कुणीही ऐकून न घेणाऱ्या बाईच्या पाया पडणारे घरचे पुरुष आहेत. अंगात येण्याकडे आजचे मनोविकारशास्त्र सरसकट आजार म्हणून पाहत नाही; एखाद्या समाजाच्या रूढ विधीचा तो भाग असेल आणि त्याचा त्या व्यक्तीला त्रास होत नसेल, तर त्याला रोगाचे नाव देऊ नये असा संकेत आहे. मला मात्र ती पाने वाचताना असे वाटत राहिले, की दिवसाचे सोळा तास गप्प बसवलेल्या बाईला मोठ्याने बोलण्याची तेवढी एकच वाट त्या वस्तीत मोकळी होती.

आता समीक्षेविषयी. ‘जिणं आमुचं’ आले तेव्हा मराठीत दलित आत्मकथनांचा काळ सुरू होऊन काही वर्षे झाली होती. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. पु. ल. देशपांड्यांसारख्या लेखकाने त्याचे मनापासून स्वागत केले, आणि त्याच वेळी पवारांच्या स्वतःच्या समाजातून ‘आपली लक्तरे वेशीवर का टांगली’ असा रागही व्यक्त झाला. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मानेही फलटण तालुक्यातलेच, सोमंथळीचे. या पुस्तकांवरून मोठा वाद झाला. हे साहित्य की नुसता सामाजिक दस्तऐवज? याला ‘आत्मचरित्र’ म्हणावे की ‘आत्मकथन’ की ‘स्वकथन’? एकदा स्वतःचे आयुष्य सांगून झाले की या लेखकांजवळ पुढे सांगण्यासारखे काय उरणार?

बेबीताईंच्या पुस्तकाच्या वाट्याला हे सगळे प्रश्न आले, आणि आणखी एक आला. मराठीतले दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन म्हणून त्याचे नाव घेतले जाते. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही पुस्तकरूपाने १९८६ मध्येच आल्यामुळे तो मान कुणाचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. या मानापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. अनेक वाचकांना आणि समीक्षकांना जाणवले, की या आत्मकथनात ‘आत्म’ फारच थोडा आहे. लेखिका स्वतःबद्दल मोजके बोलते. बाकी सगळे ‘आम्ही’, ‘आमच्यात’, ‘आमच्या बाया’. शीर्षकातही ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. मग हे एका व्यक्तीचे पुस्तक म्हणायचे की एका वस्तीचे?

या प्रश्नाला जाणत्या अभ्यासकांनी गंभीरपणे उत्तरे दिली. माया पंडित यांनी या पुस्तकाकडे एका समाजाचे चरित्र म्हणून पाहिले. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्यात अशा लेखनाला ‘साक्ष’ मानले: सांगणारी एकटी असते, पण ती जे सांगते ते तिच्याबरोबर जगलेल्या सगळ्यांच्या वतीने असते. साक्षीदाराला आपण ‘तुमच्या निवेदनात कलात्मकता किती’ असे विचारत नाही. त्याने काय पाहिले ते विचारतो. रेगे यांच्या मांडणीने पुस्तकाकडे पाहण्याची ही दृष्टी दिली, आणि ती मला माझ्या कामाच्या फार जवळची वाटते. आम्ही डॉक्टरही रुग्णाची ‘हिस्टरी’ घेतो. तिला गुण देत नाही.

मात्र या चर्चेतला सर्वांत मोलाचा क्षण माझ्या मते वेगळाच आहे. इंग्रजी अनुवादाबरोबर माया पंडित यांनी घेतलेली बेबीताईंची एक मुलाखत छापलेली आहे. मराठी पुस्तकानंतर सुमारे दोन दशकांनी आलेल्या या मुलाखतीत त्यांना पतीविषयी आणि लिखाण लपवण्याविषयी सरळ विचारले गेले. आणि पुस्तकात जे नव्हते ते तिथे आले. पती संशयी होता. एकदा दोघे सभेसाठी मुंबईला निघाले होते, गाडीच्या डब्यात गर्दी होती, काही तरुणांनी त्यांच्याकडे पाहिले. तेवढ्यावरून पतीने त्यांना असे मारले की नाकातून रक्त वाहू लागले. हे पुस्तकात का नाही, याविषयी त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की हे बहुतेक बायकांचेच जगणे होते, आणि समाजाच्या दुःखापासून आपले दुःख वेगळे काढून पाहणे त्यांना जमत नव्हते.

काही जणांना यात विसंगती दिसते: सुनांची कापलेली नाके सांगणारी लेखिका स्वतःच्या नाकातले रक्त पुस्तकाबाहेर ठेवते. मला यात विसंगती दिसत नाही, क्रम दिसतो. तो क्रम माझ्या दवाखान्यात मी दररोज पाहतो.

वाचकहो, ग्रामीण भागातली बाई डॉक्टरसमोर बसली की पहिल्या वाक्यात ‘मी’ क्वचितच असते. ‘आमच्यात असं अंगावर काढायचीच रीत हाय’, ‘बायकांचं चालायचंच की ओ’, ‘माझ्या जावेला लई पाळी जाती, तिला काय गोळी द्यावी?’ यातली जाऊ पुष्कळदा नसतेच. एका बाईने मला तीन भेटींत शेजारणीच्या गाठीबद्दल विचारले. चौथ्या भेटीत नणंदेला बाहेर थांबायला सांगून तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दुसरी एक जण दर पंधरवड्याला डोकेदुखीसाठी येई आणि ‘दारू पिणाऱ्या गड्याच्या घरात’ काय काय होते ते गावाच्या वतीने सांगून जाई. पुढे एका सायंकाळी तिने बाही वर करून दंड दाखवला. अनेकवचन हा तिचा आडोसा होता. ऐकणारा दचकतो का, हसतो का, लगेच कुणाला बोलावतो का, हे ती त्या आडोशामागून पाहत होती. तिथे धीर मिळाला तेव्हा ती बाहेर आली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे नोंदले गेले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती केवळ १४ टक्के जणींनी. ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. दर चार जणींतल्या तिघींचे ‘मी’ कुणाच्याही कानापर्यंत पोहोचलेले नाही, असा या आकड्याचा अर्थ.

आमच्या तालुक्यापुरते बोलायचे तर या क्रमाला जुना इतिहास आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यात. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारातून उठण्यासाठी माहेरी आल्या होत्या आणि तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्या पत्रात स्वतःच्या दुखण्यासाठी आणि भावाने केलेल्या शुश्रूषेसाठी मोजक्या ओळी आहेत. बाकी सारे पत्र भावाशी झालेल्या वादाचे आणि हाती घेतलेल्या कार्याचे. त्याच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडी-पावसाने त्यांचे काय होत असेल ते स्वतःवरून जाणा, अशा आशयाचे आवाहन तिने त्यात केले आहे. तिथेही शब्द ‘आमच्या’ हाच. बेबीताईंच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी बाळंतिणीचे हाल मराठीत छापले गेले होते, आणि ते एका शाळकरी मुलीने सांगितले होते. मुद्रणात आलेल्या त्या शब्दाचे आरोग्यव्यवस्थेत रूपांतर व्हायला किती काळ जावा लागला, तेही पाहा. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या; देशाचा आकडा ९७ होता.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. जिची आहे, तिची संमती घेऊन सांगतो.

माझी आई आज ब्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस वाचन बंद होते, म्हणून दवाखाना आटोपल्यावर मी तिला वाचून दाखवत असे. एका आठवड्यात ‘जिणं आमुचं’ हाती घेतले. बाळंतपणाची पाने संपली तेव्हा ती म्हणाली, “आमच्या वेळी पोरं हाताला लागत नव्हती रे.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या सायंकाळी ती तिथे थांबली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मला पहिली मुलगी झाली होती. तुझ्या आधी आठ वर्षं. सातव्या दिवशी गेली. नावसुद्धा ठेवलं नव्हतं.”

आम्हा भावंडांना हे ठाऊक नव्हते. मी विचारले, “कशी दिसायची?”

“तुझ्या मावशीसारखी. जावळ दाट होतं.” मग तिने हळूहळू सांगितले. तीन-चार दिवस मुलगी छान दूध पीत होती. मग दूध ओढेना झाली. जबडा आवळून गेला, अंग धनुष्यासारखे ताठ व्हायचे. सासरच्या थोरल्या बायका म्हणाल्या, हिचे दूध बाधले, हिने काहीतरी खाल्ले असेल. आईने ते मानले, आणि पुढे साठ वर्षे ते आपल्याजवळ ठेवले.

तिने केलेले वर्णन ज्याने वैद्यकशास्त्र शिकले आहे त्याला चुकणार नाही. तो नवजात बालकाचा धनुर्वात होता. नाळ कापायला घेतलेला विळा वा पाते आणि वर लावलेली माती किंवा राख यांतून धनुर्वाताचे जंतू नाळेत जातात. पहिल्या आठवड्याच्या आसपास बाळाचे ओढणे थांबते, आणि त्या काळी पुढे फारसे काही करता येत नसे. गर्भारपणात धनुर्वाताची लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, या दोन साध्या गोष्टींनी तो टळतो. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हे सगळे मी तिला सोप्या शब्दांत सांगितले.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “म्हणजे माझ्या दुधानं नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानंतर तिने त्या मुलीविषयी आणखी दोन-तीन वेळा, आपण होऊन सांगितले. माझ्या बहिणीपाशीही बोलली. तिची झोप सुधारली, रक्तदाब उतरला असे काही मी सांगणार नाही; तसे मोजले नाही आणि झालेही नसेल. एक चुकीचा दोष तिच्या माथ्यावरून उतरला, एवढे खरे. आणि तो उतरू शकला, कारण फलटणच्या एका किराणा दुकानात बसून एका बाईने ‘आमुचं’ म्हणून जे लिहून ठेवले, त्याने माझ्या आईला स्वतःचे सांगण्याची वाट दाखवली.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि ती मला समीक्षकांनीच शिकवली. दुसऱ्याचे दुःख वाचून ‘आमचेही तसेच’ म्हणणे सोपे असते. माझ्या आईच्या डोक्यावर छप्पर होते, बाळंतपणानंतर तिला डिंकाचे लाडू मिळाले, गावच्या विहिरीवर तिला कुणी अडवले नव्हते. बेबीताईंच्या पुस्तकातली भूक जातीने लादलेली होती. ती वेगळी काढून केवळ ‘स्त्रीचे सोसणे’ तेवढे वाचले, तर आपण साक्षीतली अर्धी बाजू गाळली असे होईल. आपल्याच समाजातल्या, शिकून वर गेल्यावर मागचे विसरलेल्यांनाही बेबीताई खडसावतात. त्या कुणालाच खूश करायला बसलेल्या नव्हत्या.

सांगण्याने आरोग्य सुधारते का, यावर शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. योगायोगाने १९८६ मध्येच जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. नुसते वरवरच्या विषयांवर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, घटनेबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा जावे लागले. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांचा एकत्रित निष्कर्ष माफक आहे: फायदा होतो, पण तो लहान असतो आणि सर्वांना होत नाही. लिहिताना सुरुवातीला मन अधिक जड होते. नुकत्याच झालेल्या आघातानंतर माणसाला लगेच सगळे सांगायला लावणे तर उपयोगाचे नाही; जागतिक आरोग्य संघटनाही तशी सक्तीची एकदाच घेतलेली बैठक करू नये असे सांगते. सांगणे हे औषध मानायचे, तर मात्रा आणि वेळ रुग्णाच्या हाती असावी.

म्हणून घरातल्या ऐकणाऱ्यांसाठी काही गोष्टी सुचवतो. वडीलधारे बोलू लागले की सनावळी दुरुस्त करत बसू नये. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न टाळावा. तो सांगणाऱ्यालाच आरोपी करतो. तोडगा सुचवण्याची घाई नको. ‘मग?’ आणि ‘कसं होतं ते?’ एवढे दोन प्रश्न पुष्कळ झाले. लगेच भ्रमणध्वनी काढून ध्वनिमुद्रण करू नये. करायचे तर विचारून करावे, आणि घराबाहेर काय न्यायचे ते सांगणाऱ्याने ठरवावे. ऐकलेल्यात मारहाण, जिवाला धोका किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर तिथे ऐकून घेणे पुरेसे नाही. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे; मनाच्या त्रासासाठी १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून बोलता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित स्त्रीला वैद्यकीय मदत देणे आरोग्यसंस्थांवर बंधनकारक केले आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आणि ज्यांच्या मनात स्वतःचे लिहून काढावे असे असेल, त्यांनी ‘हे साहित्य होईल का’ या विचाराने थांबू नये. तो निवाडा करायला समीक्षक आहेत, आणि त्यांच्यातही मतभेद असतात. आपल्याला जे दिसले ते दिसले तसे लिहावे. ‘मी’ लिहायला हात धजत नसेल, तर ‘आमच्यात’ म्हणून सुरुवात करावी.

‘जिणं आमुचं’ तालुक्याच्या ग्रंथालयात विचारा. लहानसे पुस्तक आहे, दोन-तीन बैठकांत होते. मुलामुलींसह घरी मोठ्याने वाचण्याजोगे आहे, काही पाने मात्र आधी स्वतः पाहून घ्यावीत. वाचून झाल्यावर घरातल्या थोरल्या बाईला इतकेच विचारा, की तुमच्या वेळी कसे होते? उत्तर बहुधा ‘आमच्या वेळी’ असेच सुरू होईल. त्यानंतर ती थांबली, तर तिला थांबू द्या, आणि आपणही उठू नका.